मिनामाता : मासळीतून आलेल्या विषाचा इतिहास

आपल्या ज्ञातीच्या या वार्षिक स्मरणिकेत कुलदैवतांची स्थाने, मूळ गावांच्या हकिकती आणि संस्थेच्या आद्य कार्यकर्त्यांची चरित्रे आजवर पुष्कळ प्रसिद्ध झाली आहेत, व ती तशी व्हावीत हे योग्यच आहे. यंदा मात्र वाचक बंधुभगिनींच्या अनुज्ञेने एका परक्या देशातील गावाचा इतिहास सांगण्याचे मी योजिले आहे. हे गाव जपानात आहे. तेथील माणसे आपल्यासारखीच भात आणि मासळी खाणारी, समुद्राला अन्नदाता मानणारी. ज्या अन्नावर त्यांच्या कित्येक पिढ्या पोसल्या, त्याच अन्नाने त्यांच्या एका पिढीचा घात केला. आणि घात कशाने होत आहे हे कळून चुकल्यावरही तो नऊ वर्षे थांबविण्यात आला नाही. ज्या घरांतून आठवड्याचे चार दिवस मासळी शिजते, त्या घरांनी ही हकिकत ऐकून ठेवावी असे मला वाटते.

जपानच्या चार मुख्य बेटांपैकी अगदी नैर्ऋत्येचे ते क्यूशू. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर कुमामोतो नावाचा प्रांत आहे, व त्या प्रांताच्या दक्षिण टोकास मिनामाता हे गाव आहे. समोर शिरानुई समुद्र पसरलेला. समुद्र म्हणावयाचा एवढेच. पलीकडच्या अंगास आमाकुसा बेटांची रांग आडवी असल्याने तो एखाद्या मोठ्या खाडीसारखा कोंडलेला आहे. पाणी शांत, मासळी विपुल. काठाकाठाने कोळ्यांच्या लहान लहान वाड्या होत्या. त्यांतील पुष्कळशी कुटुंबे आमाकुसा बेटांवरून पोटासाठी येऊन राहिलेली, आणि म्हणून जुन्या रहिवाशांच्या दृष्टीने उपरी व हलकी. घरोघरी मांजरे पाळलेली असत, कारण उंदीर जाळी कुरतडत. या मांजरांना पुढे या इतिहासात मोठे स्थान प्राप्त होणार होते.

इ. स. १९०८ मध्ये नोगुची शितागाऊ नावाच्या एका हुशार विद्युत् अभियंत्याने मिनामातेस कार्बाइडचा कारखाना काढला. त्यातून पुढे रासायनिक खते निघू लागली. कंपनीचे नाव काळाच्या ओघात दोनतीनदा बदलले. जग तिला ‘चिस्सो’ या नावाने ओळखते. जपानी भाषेत चिस्सो म्हणजे नत्रवायू. गावाने कारखान्याचे स्वागतच केले. मिठागरे आणि मासेमारी यांवर गुजराण करणाऱ्या वस्तीचे बघता बघता शहर झाले. कंपनीत नोकरीस असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट ठरली. पुढे अशी वेळ आली की नगरपालिकेच्या कराच्या उत्पन्नापैकी निम्म्याहून अधिक उत्पन्न कंपनी व तिचे नोकर यांच्याकडून येऊ लागले, आणि कारखान्यात अ‍ॅसिटाल्डिहाइडची कृती बसविणारा अभियंताच नगराध्यक्षाच्या खुर्चीवर बसला. अशा गावात कारखान्याविरुद्ध बोलणे म्हणजे ज्या फांदीवर बसलो तीच तोडणे, असे लोकांस वाटले तर नवल नाही.

कोळ्यांनी मात्र फार पूर्वीपासून तक्रार केलेली आहे. मैल्यामुळे मासळी मरते म्हणून १९२६ साली व पुन्हा १९४३ साली कंपनीने त्यांना काही रक्कम दिली. आणि दोन्ही वेळा पुढे तक्रार करणार नाही असे त्यांच्याकडून लिहून घेतले. पैसा देऊन तोंड बंद करण्याची ही रीत येथे प्रथम दिसते. ती पुढे पुन्हा भेटेल.

१९३२ साली कारखान्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचे द्रव्य तयार होऊ लागले. सिरक्याचे आम्ल, कृत्रिम धागे, प्लॅस्टिक मऊ करण्याची द्रव्ये अशा अनेक वस्तूंना ते लागते. कार्बाइडपासून निघणारा अ‍ॅसिटिलीन वायू, पाऱ्याचा क्षार मिसळलेल्या गंधकाम्लातून सोडला की हे द्रव्य तयार होते. येथे पाऱ्याचे काम उत्प्रेरकाचे, म्हणजे विवाह जुळविणाऱ्या मध्यस्थासारखे. दोन पक्षांची गाठ घालून द्यावयाची आणि आपण अलिप्त राहावयाचे. परंतु मध्यस्थही कधी कधी मांडवातच गुंतून पडतो. पाऱ्याचा अगदी थोडा अंश या क्रियेत कार्बनाशी जोडला जाऊन ‘मिथिल पारा’ हे नवे संयुग तयार होई व ते मैल्याबरोबर ह्याक्केन बंदराच्या पाण्यात जाई. ऑगस्ट १९५१ मध्ये कंपनीने या कृतीतील मँगॅनीजचे एक साहाय्यक द्रव्य बदलून दुसरे वापरण्यास आरंभ केला. त्यामुळे मिथिल पाऱ्याचे प्रमाण वाढले, हे पुष्कळ वर्षांनी संशोधकांनी दाखवून दिले. वीस वर्षे न दिसलेला रोग १९५० नंतरच्या काही वर्षांत का उसळला, याचे एक उत्तर यात आहे.

प्रथम मासे पाण्यावर तरंगू लागले. काही इतके सुस्त झाले की हाताने धरता येत. आकाशातून कावळे खाली पडू लागले. मग मांजरांची पाळी आली. ती तोंडाने फेस गाळीत, गोल गोल फिरत, नाचल्यासारख्या उड्या मारीत आणि काही तर धावत जाऊन समुद्रात पडत. लोक त्याला ‘मांजरांचा नाचरोग’ म्हणू लागले. काही वाड्यांत मांजर औषधाला उरले नाही. हा इशाराच होता. पण मांजराच्या मृत्यूची नोंद कोणत्या कचेरीत होते?

२१ एप्रिल १९५६ रोजी कारखान्याच्या रुग्णालयात पाच वर्षांची एक मुलगी आणण्यात आली. तिला चालता येईना, बोलता येईना, झटके येत होते. दोन दिवसांनी तिच्या धाकट्या बहिणीस तीच लक्षणे झाली. शेजारच्या घरांतही असेच आजारी असल्याचे त्यांच्या आईकडून कळले. रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा हाजिमे यांनी घरोघर चौकशी करविली आणि १ मे १९५६ रोजी, मज्जासंस्थेच्या एका अज्ञात रोगाची साथ आली आहे, असे सरकारी आरोग्य कचेरीस कळविले. हाच दिवस या रोगाच्या अधिकृत शोधाचा दिवस मानला जातो. ऑक्टोबरपर्यंत ४० रुग्ण सापडले. त्यांपैकी १४ मरण पावले होते. हातापायांची बोटे बधिर होणे, दृष्टीचा पल्ला आकुंचित होऊन नळीतून पाहिल्यासारखे दिसणे, ऐकू न येणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे, आणि शेवटी झटके व बेशुद्धी असा या रोगाचा क्रम असे.

‘साथ’ हा शब्द कागदावर आला मात्र, आणि गावाचे वागणे पालटले. आजाऱ्यांना वेगळ्या कोठड्यांत ठेवले गेले. त्यांच्या घरांवर जंतुनाशके फवारली गेली. दुकानदार त्यांच्या हातचे पैसे घेईनात. शेजारी त्यांच्या दारावरून जाताना नाक दाबून पळत. त्या घरांतील मुलामुलींचे विवाह जुळेनात. वर्षाअखेर रोग सांसर्गिक नाही असे वैद्यांनी सांगितले, तरी लोकांच्या मनातून ते गेले नाही. मिनामातेची मासळी खपेना, तेव्हा ज्या कोळी मंडळींनी आपल्या माणसांच्या पाठीशी उभे राहावयाचे, त्यांच्यातच रुग्ण लपविण्याची वृत्ती बळावली. बाजार बसेल, म्हणून आपल्याच वाडीतल्या आजाऱ्यास गप्प बसविण्यात आले. संघटित समाज आपल्या दुर्बळाच्या बाजूने उभा राहतो की अब्रूच्या, हा प्रश्न आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनाही परका नाही.

कुमामोतो विद्यापीठातील वैद्यांनी ऑगस्ट १९५६ पासून शोध चालविला. नोव्हेंबरपर्यंत त्यांना एवढे उमगले होते की, हे एखाद्या जड धातूचे विष असून ते खाडीतील मासे व शिंपले यांच्या वाटे शरीरात जाते. कोणता धातू, ते मात्र उमगेना. मँगॅनीज, सेलेनियम, थॅलियम असे एकामागून एक संशयित तपासले गेले, कारण मैल्यात हे सर्वच पुष्कळ होते, आणि कारखान्यात कोणकोणती द्रव्ये वापरतात हे कंपनी सांगेना. वास्तविक मासळी बंद करण्यास धातूचे नाव कळण्याची आवश्यकता नव्हती. अन्नातून विषबाधा झाली तर कोणत्या जंतूने झाली हे कळेपर्यंत आपण तेच अन्न वाढीत बसत नाही. प्रांताच्या अधिकाऱ्यांनी अन्नविषयक कायद्याखाली खाडीतील मासळीवर बंदी घालता येईल काय, अशी विचारणा केलीही. सप्टेंबर १९५७ मध्ये राजधानीतून उत्तर आले की, खाडीतील सर्वच मासळी विषारी झाल्याचा स्पष्ट पुरावा नसल्यामुळे हा कायदा लावता येणार नाही. सर्वच मासळी! या एका शब्दाने किती बळी घेतले असतील, याचा हिशेब कोणी करावा?

मार्च १९५८ मध्ये डग्लस मॅकअल्पाइन हे ब्रिटिश मज्जातज्ज्ञ मिनामातेस येऊन गेले. रुग्णांची लक्षणे सेंद्रिय पाऱ्याच्या विषबाधेशी जुळतात, हे त्यांनी दाखविले. इंग्लंडमधील एका कारखान्यात बियाण्यास लावावयाचे पारायुक्त औषध करताना कामगारांना अशी बाधा झाली होती, व तिचे वर्णन हंटर, बॉमफर्ड आणि रसेल यांनी १९४० साली केले होते. हा धागा धरून तपास पुढे गेला. ह्याक्केन बंदरात मैल्याच्या तोंडाशी एक टन गाळात सुमारे दोन किलो पारा निघाला. एवढा पारा खाणीतील दगडात असता तर खाणवाल्याने आनंदाने खोदला असता. रुग्णांच्या केसांत दर दहा लाख भागांत ७०५ भागांपर्यंत पारा आढळला, तर कुमामोतो शहरातील सामान्य माणसांच्या केसांत सरासरी ४. अखेर २२ जुलै १९५९ रोजी विद्यापीठाच्या मंडळाने निर्णय जाहीर केला: रोगाचे कारण पारा.

आता येथे थोडे थांबून, पारा मासळीत साठतो कसा, हे नीट समजून घेतले पाहिजे. पारा आपल्या लोकांस परका नाही. तापमापकात तो आहे, सोनार मुलाम्यासाठी वापरीत, आणि रसवैद्यांच्या औषधांत तर तो राजाच. शुद्ध द्रवरूप पारा पोटात गेला तर बहुतांशी तसाच बाहेर पडतो. त्याची वाफ मात्र घातक. परंतु मिथिल पाऱ्याची जात निराळी. पोटात गेलेला जवळजवळ सर्व मिथिल पारा रक्तात शोषला जातो. त्याची गंधकाशी फार जवळीक आहे, आणि शरीरातील प्रथिनांत गंधक असतेच. त्यास चिकटून तो असे रूप धारण करतो की, शरीर त्यास आपल्या नेहमीच्या पोषक द्रव्यांपैकी एक समजते व मेंदूच्या दारावरील पहारा त्यास आत सोडतो.

पाण्यातील अत्यल्प मिथिल पारा प्रथम डोळ्यांस न दिसणाऱ्या तरंगत्या वनस्पती शोषून घेतात. त्या वनस्पती जवळ्यासारखे सूक्ष्म जीव खातात, त्यांना लहान मासे, लहानांना मोठे, आणि मोठ्यांना त्याहून मोठे. आपल्या कोकणच्या भाषेत बोलावयाचे तर जवळा मांदेलीच्या पोटात, मांदेली व बांगडा सुरमईच्या, आणि सुरमई मुशीच्या. खाल्लेल्या अन्नातील मांस जळून जाते, पारा मात्र फारसा जात नाही. तो खाणाऱ्याच्या खाती जमा होतो. अशा रीतीने पायरीगणिक प्रमाण वाढत जाऊन मोठ्या शिकारी माशाच्या मांसात ते भोवतालच्या पाण्याच्या दहा लाख पट किंवा त्याहूनही अधिक होऊ शकते. पाणी तपासले तर स्वच्छ, आणि मासा मात्र विषारी, असा हा चमत्कार आहे.

माणसाच्या शरीरातील हिशेब शाळेतील गणितासारखा मांडता येतो. शरीरातील साठ्याचा सुमारे शंभरावा हिस्सा दररोज बाहेर पडतो. म्हणजे निम्मा साठा जाण्यास सुमारे ७० दिवस लागतात. आता समजा, एखादा मनुष्य मासळीतून रोज एक मात्रा पारा घेतो. पहिल्या दिवशी साठा एक मात्रेचा, त्यातून जाणार फक्त एक शतांश. साठा वाढेल तशी जावकही वाढेल, आणि आवक व जावक यांचा मेळ बसेल तो साठा शंभर मात्रांच्या जवळ पोचल्यावर. यास सुमारे एक वर्ष लागते. एका दिवसाच्या जेवणाने जे होत नाही, ते वर्षभराच्या जेवणाने होते ते असे. श्रीमंतांच्या घरी मासळी हा जेवणातील एक पदार्थ. कोळ्याच्या घरी तेच जेवण. म्हणून रोग कोळीवाड्यांत शिरला. आणखी एक गोष्ट गृहिणींनी लक्षात घ्यावी. हा पारा माशाच्या चरबीत नसून मांसाच्या प्रथिनांत बांधलेला असतो. म्हणून कातडे काढून, धुऊन, तळून किंवा उकळून तो जात नाही. चवीत फरक नाही, वासात नाही, रंगात नाही.

पुन्हा मूळ हकिकतीकडे वळू. कंपनीने सप्टेंबर १९५८ मध्ये मैल्याचे तोंड ह्याक्केन बंदरातून काढून मिनामाता नदीच्या मुखाकडे वळविले होते. थोड्याच महिन्यांत त्या बाजूच्या व दूरच्या किनाऱ्यांवर नवे रुग्ण निघाले. हा प्रयोगच होता म्हणावयाचा, आणि तो जिवंत माणसांवर झाला. दुसरा प्रयोग डॉ. होसोकावांनी मांजरांवर चालविला होता. जुलै १९५९ पासून त्यांनी ४०० क्रमांकाच्या एका मांजरास कारखान्यातील अ‍ॅसिटाल्डिहाइड विभागाचा मैला अन्नात मिसळून दिला. ऑक्टोबरमध्ये ते मांजर नाचू लागले. कोणाच्याही मनात संशय उरू नये असा हा पुरावा. वरिष्ठांनी तो दडपला व पुढील प्रयोगांस मनाई केली. डॉक्टर गप्प बसले.

या सद्गृहस्थांविषयी माझे मन आजही निश्चित होत नाही. रोग जगापुढे आणणारे तेच. कंपनीचा पगार घेत असताना कंपनीच्या मैल्याची परीक्षा करण्याचे धैर्य त्यांचेच. आणि हातात सत्य आल्यावर अकरा वर्षे ते न बोलणारेही तेच. जुलै १९७० मध्ये कर्करोगाने अंथरुणास खिळले असता त्यांनी रुग्णालयातील खाटेवरून न्यायालयासाठी साक्ष दिली व ४०० क्रमांकाच्या मांजराची हकिकत सांगितली. त्याच वर्षी ते वारले. त्यांच्या साक्षीने खटल्यास बळ आले हे खरे. पण ती साक्ष १९५९ मध्ये झाली असती तर किती घरे वाचली असती, हेही तितकेच खरे.

त्या १९५९ सालाचे शेवटचे दोन महिने फार वाईट गेले. २ नोव्हेंबर रोजी संतप्त कोळी कारखान्यात घुसले व मोडतोड झाली. १२ नोव्हेंबर रोजी आरोग्यखात्याच्या समितीने, मासळीतील सेंद्रिय पारा हेच रोगाचे कारण, असा अहवाल दिला. आणि दुसऱ्याच दिवशी ही समिती बरखास्त करण्यात आली. उद्योगपतींच्या बाजूने नवनवी मते पुढे येत होती. युद्धानंतर नौदलाने समुद्रात टाकलेल्या दारूगोळ्याचे हे विष आहे असे एकाने म्हटले. नासक्या मासळीतील द्रव्यांचे आहे असे एका प्राध्यापकाने. खोटे सिद्ध होण्यास जितका वेळ लागे, तितका वेळ कारखाना चाले. डिसेंबरात मैला शुद्ध करण्याचे यंत्र मोठ्या समारंभाने बसविण्यात आले, व त्यातील पाणी म्हणून कंपनीच्या अध्यक्षांनी सर्वांसमक्ष पेलाभर पाणी प्राशन केले. त्या यंत्रातून अ‍ॅसिटाल्डिहाइड विभागाचा मैला जातच नव्हता, हे पुढे उघडकीस आले. आणि ३० डिसेंबर रोजी रुग्णांच्या कुटुंबांशी ‘सांत्वनाच्या रकमे’चा करार झाला. मृतामागे तीन लाख येन, प्रौढ रुग्णास वर्षाला एक लाख, मुलास तीस हजार. करारात एक कलम होते: पुढे रोगाचे कारण कारखाना आहे असे ठरले, तरी अधिक भरपाई मागता येणार नाही. कराराच्या वेळी मांजराची हकिकत कंपनीस ठाऊक होती, कुटुंबांस नव्हती. नववर्षाचा सण तोंडावर, घरात दाणा नाही, आणि गावाचे मत विरुद्ध. त्यांनी सह्या केल्या. यानंतर प्रकरण मिटले असे सर्वांनी धरले, आणि १९६० साली कारखान्यात अ‍ॅसिटाल्डिहाइडचे उत्पादन सुमारे ४५ हजार टनांवर गेले.

याच काळात मिनामातेच्या घराघरांत अशी मुले वाढत होती, की ज्यांना मान सावरता येत नव्हती, घास गिळता येत नव्हता. वैद्य त्यास जन्मजात मेंदूचा पक्षाघात म्हणत. हाराडा मासाझुमी हे तरुण डॉक्टर १९६१ साली एका घरी गेले. तेथे दोघे भाऊ, दोघांची लक्षणे सारखीच. थोरल्यास मिनामाता रोग आहे असे ठरलेले. धाकट्यास नाही, कारण त्याने मासळी खाल्लीच नव्हती. त्यांच्या आईने डॉक्टरांना सांगितले की, धाकट्याने खाल्ली नसेल, पण तो पोटात असताना मी खाल्ली होती. वार आईच्या रक्तातील विषास गर्भापर्यंत जाऊ देत नाही, असा तोवर वैद्यकाचा समज होता. एका अशिक्षित कोळिणीने तो खोडून काढला, व शास्त्रज्ञांनी १९६२ साली ते मान्य केले. किंबहुना, आईच्या शरीरातील मिथिल पारा गर्भाच्या रक्तात अधिकच प्रमाणात जातो, असे आता सिद्ध आहे. म्हणून पुष्कळ माता वरवर निरोगी राहिल्या. आपल्या अंगातील विष स्वतःवर घेऊन हिने मला वाचविले, असे म्हणून अशा एका लेकीस तिची आई घरचे रत्न मानीत असे.

जपानी घरांत मुलाची वाळलेली नाळ लाकडी डबीत जपून ठेवण्याची चाल आहे. आपल्याकडे नाळ पुरतात. ते जतन करतात. हाराडांनी व इतरांनी या डब्या मागवून नाळेतील पारा मोजला. वर्षवार मांडणी केली तेव्हा कारखान्याचे उत्पादन जसे चढले तसा नाळेतील पारा चढलेला दिसला. कंपनीच्या दप्तरांतून जे मिळाले नाही, ते आयांच्या पेटीत सापडले. इतिहासाची इतकी बोलकी साधने फार थोडी असतील.

१९६५ साली जपानच्या दुसऱ्या भागात, निगाता प्रांतातील आगानो नदीकाठी, हाच रोग निघाला. तेथेही वरच्या अंगास अ‍ॅसिटाल्डिहाइडचाच कारखाना होता, शोवा देन्को कंपनीचा. मिनामातेस वेळीच पायबंद घातला असता तर निगातास हा प्रसंग आला नसता. मे १९६८ मध्ये चिस्सोने पाऱ्याची ही जुनी कृती बंद केली, तीही ती कालबाह्य झाली म्हणून. आणि त्यानंतर चार महिन्यांनी, २६ सप्टेंबर १९६८ रोजी, सरकारने रोगाचे कारण अधिकृतपणे मान्य केले. तोवर ७० ते १५० टन पारा खाडीत गेला होता, असा अंदाज आहे. २० मार्च १९७३ रोजी कुमामोतो न्यायालयाने कंपनीस दोषी धरले व १९५९ चा तो करार नीतिबाह्य म्हणून रद्दबातल ठरविला. सरकार व प्रांत यांचाही दोष होता, हे सर्वोच्च न्यायालयाने म्हणावयास २००४ साल उजाडले.

खाडीचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. १९७७ ते १९९० या काळात सुमारे १५ लाख घनमीटर गाळ उपसून व भराव घालून ५८ हेक्टर नवी जमीन करण्यात आली. तिच्या पोटात तो पारा पुरलेला आहे. खाडीच्या तोंडाशी बांधलेले जाळे मासळी निर्धोक ठरल्यावर १९९७ मध्ये काढण्यात आले. म्हणजे पाऱ्याने दूषित झालेला समुद्र सुधारू शकतो. मात्र एक अख्खी पिढी लागते.

पाऱ्याच्या वापरास आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार ऑक्टोबर २०१३ मध्ये कुमामोतो येथे झाला. त्यास ‘मिनामाता करार’ असेच नाव दिलेले आहे. तो २०१७ पासून अमलात आला, व भारताने त्यास २०१८ साली अधिकृत मान्यता दिली. आपला यात संबंध काय, असे कोणी विचारील. कॉस्टिक सोडा व क्लोरीन करण्याच्या जुन्या पद्धतीत पारा वापरीत, व असे कारखाने आपल्याही देशात होते. ठाण्याच्या खाडीतील पाऱ्याविषयीचे संशोधन, गोव्यात दोना पावला येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८१ सालीच प्रसिद्ध केले होते. ती पद्धत आता बहुतेक मागे पडली आहे. परंतु दगडी कोळसा जळतो तेव्हाही थोडा पारा हवेत जातो व पावसाबरोबर पाण्यात उतरतो, आणि तळाच्या चिखलातील जंतू साध्या पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, हे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी १९६९ साली दाखविले आहे.

म्हणून मासळी सोडा असे मी म्हणणार नाही. मासळीसारखे सत्त्वयुक्त अन्न थोडे, आणि ते सोडा म्हटले तर माझ्या घरातच माझे कोणी ऐकणार नाही. मात्र वर सांगितलेली पायऱ्यांची गोष्ट बाजारात उभे असताना आठवावी. जवळा, करंदी, मांदेली, पेडवे, तारली, बांगडे ही लहान व अल्पायुषी मासळी. तिच्यात पारा साठण्यास अवधीच मिळत नाही. मोठी मुशी, मोठा कुपा, तलवार मासा हे दीर्घायुषी व शिकारी. त्यांच्यात तो अधिक. अमेरिकेतील सरकारी खाती गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना मुशीच्या जातीचे मासे वर्ज्य करावयास सांगतात. आपल्याकडे बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरीचे कालवण देण्याची चाल आहे, आणि ती प्रेमाने पाळली जाते. लहान मोरीऐवजी मोठ्या मुशीच्या तुकड्या आणल्या जात असतील, तर घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी याचा विचार करावा. पोटुशी सून असेल तर विशेषच.

मिनामातेतील प्रकरण मात्र अद्याप मिटलेले नाही. कायद्याच्या काटेकोर व्याख्येत बसून ‘रुग्ण’ म्हणून मान्यता मिळालेल्यांची संख्या निगातासह सुमारे तीन हजार आहे. हजारो लोकांना वेगवेगळ्या तोडग्यांनी काही रक्कम व औषधोपचार मिळाला. हजारो अर्ज फेटाळले गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये ओसाका येथील न्यायालयाने असे वगळलेले १२८ वादी या रोगाचेच रुग्ण आहेत असा निर्णय दिला. आईच्या पोटात असताना ज्यांना बाधा झाली, ती मुले आता सत्तरीकडे झुकली आहेत, व त्यांना सांभाळणारे आईबाप बहुतेक राहिलेले नाहीत.

दरवर्षी १ मे रोजी तेथे मृतांचे स्मरण करतात. २०२४ साली त्या कार्यक्रमानंतर पर्यावरणमंत्री रुग्णांच्या मंडळांना भेटण्यास बसले. प्रत्येकास तीन मिनिटे बोलण्यास दिली होती. ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ आपल्या दिवंगत पत्नीच्या यातना सांगत होते. त्यांची तीन मिनिटे भरली, तेव्हा अधिकाऱ्यांनी ध्वनिक्षेपक बंद केला. देशभर संताप उसळल्यावर मंत्री आठवड्याभरात पुन्हा मिनामातेस गेले आणि त्यांनी त्या गृहस्थांची क्षमा मागितली.